ताईंचा नेहमीचा आवाज

आमच्या विमानतळाच्या टॉवरमधल्या ताई रोज पावणेबाराला भावाशी बोलायच्या, आणि अकरा वर्षं त्या भावाशी बोलत नव्हत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी शेजारच्याच टेबलावर बसायचो, मला विचारा. आणि उगाच हसू नका. यात हसण्यासारखं जे काही आहे ते सगळं सही-शिक्क्यानिशी झालेलं आहे.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे हा कोण मधेच टपकला असं व्हायला नको. मी विमानतळाचा हवामानवाला. छपरावर एक यंत्र आहे. ते वारा मोजतं, पाऊस मोजतं, ढग किती उंचीवर आहेत तेही सांगतं, आणि कधीही चुकत नाही. माझं काम एवढंच की दर अर्ध्या तासाने खिडकी उघडायची, हात बाहेर काढायचा, आणि यंत्र म्हणतंय ते बरोबर आहे असं फॉर्मवर लिहायचं. फॉर्मात रकाने दोनच. हात कोरडा, हात ओला. याला म्हणतात मानवी पडताळणी. यासाठी मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. संध्याकाळी बायको विचारते, आज काय केलंत? मी हात दाखवतो.

ताईंचं दुखणं माझ्याहून मोठं. चोपन्न वर्षांची बाई, उंची जेमतेम, चष्म्याला दोरी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मशीन यायच्या आधी एकवीस वर्षं त्यांनी याच काचेतून दुर्बिणीने बघत विमानं उतरवली. कुठलं विमान कुठे, किती उंचीवर, कुणाच्या मागे, सगळं डोक्यात. नुसत्या इंजिनाच्या घरघरीवरून आज कोण चालवतंय ते सांगायच्या. आणि पाच विमानं डोक्यावर घिरट्या घालत असताना मला म्हणायच्या, "हवामान, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, लाज वाटू द्या." मला त्या हवामानच म्हणायच्या. त्यांना सगळा विमानतळ ताई म्हणायचा, कारण त्यांचा धाकटा भाऊ पायलट होता आणि तो वरून रेडिओवर बेधडक "ताई, आलो गं" म्हणायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण बसवून घेतलं होतं सगळ्यांनी.

मग मशीन आलं. कागदोपत्री त्याचं नाव चार ओळींचं आहे, आम्ही त्याला जावई म्हणायचो. स्वतंत्र खोली, चोवीस तास एसी, कुणी उलट बोलायचं नाही, आणि काही बिनसलं तर चूक आपलीच. त्याच कंपनीने दुसरं मशीन विमानात बसवलं. एकाच घरातल्या दोन मुली दिल्या की दुसऱ्या जावयाला काय म्हणायचं? साडू. तर जमिनीवर जावई आणि आकाशात साडू. विमान कधी उतरवायचं ते जावई ठरवायचा, आणि साडू ते उतरवायचा.

आता हे दोघे एकमेकांशी पापणी लवायच्या आत बोलू शकत होते. पण नियम म्हणतो की उतरण्याची परवानगी माणसाच्या तोंडून माणसाच्या कानात गेली पाहिजे. म्हणून जावई पडद्यावर वाक्य लिहिणार, ताई ते मोठ्याने वाचणार, वर भाऊ ते ऐकून शब्दन् शब्द परत म्हणणार, आणि मग एका बोटाने साडूच्या पडद्यावर टाइप करणार. मध्ये दोन जिवंत माणसं, वायरीच्या ऐवजी. घोडं अडलं तर त्यांच्यापाशीच अडायचं.

अबोल्याचं मूळही याच मशीनमध्ये. ही दोन्ही मशीनं बसवण्याआधी मुख्य कचेरीतून एक समिती आली. समिती अतिशहाणी. म्हणे टॉवरवाल्यांना टॉवरबद्दल विचारलं तर ते आपलीच तळी उचलणार. म्हणून टॉवरवाल्यांना विमानाबद्दल विचारलं आणि पायलटांना टॉवरबद्दल. ताईंच्या कागदावर प्रश्न होता, विमानात माणूस असणं आवश्यक आहे काय? भावाच्या कागदावर होता, टॉवरमध्ये माणूस असणं आवश्यक आहे काय? कागदावर वर गोपनीय असं छापलेलं. दोघं आज्ञाधारक. बैठकीच्या आदल्या दिवशी आईकडे मांडीला मांडी लावून जेवले आणि त्याबद्दल एकमेकांना अवाक्षर बोलले नाहीत. दोघांनीही उत्तर लिहिलं, नाही.

दुसऱ्या दिवशी भर बैठकीत अध्यक्षांनी सगळी उत्तरं नावानिशी मोठ्याने वाचली. गोपनीय होतं ते फक्त लिहून होईपर्यंत. मी तिथे होतो. ताईंनी भावाकडे बघितलं, भावाने ताईंकडे बघितलं. ताईंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि उठून गेल्या. झालं. समितीने हिशेब लावला की एक मत म्हणतं वरचा माणूस नको, एक म्हणतं खालचा नको, मतं समसमान, तर दोन्ही माणसं ठेवा आणि दोघांचं काम काढून घ्या. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे चौथ्याचाही झाला.

तेव्हापासून रोज पावणेबाराला ताई माईक चालू करायच्या पायपट्टीवर पाय ठेवायच्या आणि म्हणायच्या, "धावपट्टी दोन-सात, उतरण्यास परवानगी आहे." म्हणायच्या अशा की ऐकणाऱ्याने समजावं, उतर नाहीतर मर. वरून तेच शब्द यायचे, दाराला आतून कडी घातल्यासारखे. एकदाही "आलो गं" नाही. पहिल्या महिन्यात मी मध्ये पडायला गेलो, तर ताई म्हणाल्या, "हवामान, तुम्ही हात बाहेर काढा." मी काढला. कोरडा होता.

घरी तर आणखी कहर. दोघं एकाच इमारतीत. तळमजल्यावर ताई आणि त्यांचे यजमान, दुसऱ्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी, आणि मधल्या मजल्यावर आई. जिन्यात समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे बघत जायचे. जे बोलायचं ते आईमार्फत. "आई, त्याला सांग, वरची टाकी वाहतेय." "आई, तिला सांग, मला ऐकू येतं वाहताना." म्हातारी दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि वरचं खाली, खालचं वर करायची. मला एकदा म्हणाली, "माझी दोन्ही पोरं आकाशातून माणसं सुखरूप आणतात आणि यांना एक जिना उतरता येत नाही. मेल्यावर कोण निरोप पोचवणार रे यांचे?"  

मधल्या काळात नियमात आणखी एक शेपूट जोडलं गेलं. कुठे तरी कुणाला तरी धमकावून कुणी चुकीची परवानगी द्यायला लावली म्हणे. म्हणून जावयाला कान दिले. तो बोलणाऱ्याचा आवाज ऐकणार, जुन्या आवाजांशी ताडून बघणार, आणि आवाज नेहमीचा नसेल तर परवानगी रोखणार. जुळणी ऐंशी टक्के तरी हवी. आम्हाला कसली चिंता? ताईंचा आवाज अकरा वर्षं एकाच भावात होता. जुळणी नेहमी नव्वदच्या वर. आमचे टॉवरचे साहेब म्हणायचे, इतका शिस्तीचा आवाज दुसऱ्या कुठल्या टॉवरमध्ये नाही.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

सकाळी आठला म्हातारीच्या छातीत कळ आली. ताई आणि वहिनींनी तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, ऑपरेशन आजच. मोठे सर्जन बाहेरगावचे, दोनच्या आत ऑपरेशन सुरू झालं तरच थांबणार, नाहीतर पुन्हा आठ दिवसांनी येणार. ताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हे हृदय आठ दिवस थांबणार नाही. कागद आले, सही करायला पेन दिलं, तर म्हातारीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आधी माझी दोन्ही पोरं माझ्यासमोर उभी राहून एकमेकांशी बोलू देत. तिला सांग, त्याला सांग नाही. तोंडाने. मग मला कापा नाहीतर शिवा." डॉक्टरांनी समजावलं, वहिनींनी पाय धरले, ताई रडल्या. म्हातारी ढिम्म. राग कुणाकडून आला ताईंकडे, ते मला हे ऐकल्यावर कळलं.

भाऊ आदल्या दिवसापासून दुसऱ्या गावी होता. वहिनींनी त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो त्याच्या नेहमीच्या विमानाने पावणेबाराला येणार होता, आणि त्याला उतरवायला ताई खुर्चीत हव्यात. त्या पाळीचा दुसरा नोंदलेला आवाज नव्हताच. दुसऱ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी माणूस भरला नाही, खुर्ची तेवढी नवीन आणली. म्हणून आईला वहिनींवर सोपवून ताई अकराला धापा टाकत टॉवरचे जिने चढून आल्या.

पावणेबाराला स्पीकर खरखरला. नेहमी तो विमानाचा नंबर सांगायचा. त्या दिवशी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "ताई, आई कशी आहे गं?"

अकरा वर्षांनी! माझा हात खिडकीबाहेर होता, तो आत घ्यायचा राहिला.

"आहे रे," ताई म्हणाल्या. "वाट बघतेय. ये लवकर." आणि मग डोळे पुसत पडद्यावरचं वाक्य वाचलं, "धावपट्टी दोन-सात, उतरण्यास परवानगी आहे." असं वाचलं, जसं बाळाला पांघरूण घालताना आई बोलेल.

पडदा पिवळा झाला. वर अक्षरं आली: आवाज नेहमीचा नाही. जुळणी नऊ टक्के. बोलणाऱ्यावर दबाव असण्याची शक्यता. परवानगी रोखली आहे. कृपया शांत राहा.

वर विमान वळलं आणि घिरट्या घालायला लागलं. भावाने सांगितलं, साडू म्हणतोय घिरट्यांपुरतं इंधन तासाभराचं आहे, पावणेएकपर्यंत परवानगी नाही आली तर तो आपणहून विमान शेजारच्या विमानतळावर नेणार. शेजारचा म्हणजे रस्त्याने तीन तास. दोनच्या आत हॉस्पिटल गाठायचं नावच नको.

साहेब फाइल घेऊन धावत आले. त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला. तिकडेही मशीनच. ते म्हणालं, तुमची अडचण आम्हाला मोलाची वाटते, तीन दिवसांत उत्तर मिळेल. साहेबांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, विमान हाताने उतरवता येत नाही का? येतं की, साहेब म्हणाले, तशी सोय आहे, वर लाल दांडा आहे. पण दांडा ओढायला जावयाची संमती लागते, आणि जावयाचं म्हणणं आहे की पायलटचाही आवाज नेहमीचा नाही, त्याच्यावरही दबाव आहे. म्हणजे ज्याच्यामुळे अडलं त्यालाच विचारायचं!

मग आम्ही एकेक अक्कल चालवली. आधी साहेब म्हणाले, ताई, मन शांत करा, प्रेमाने वाचा. ताईंनी प्रेमाने वाचलं. जुळणी चार टक्के. धोक्याची पातळी वाढवली आहे. मग मला अवदसा आठवली, मी ताईंचा आवाज काढून वाचलं. पडदा लालच झाला. अनोळखी पुरुष, स्त्रीचा आवाज काढत आहे. शिक्षा म्हणून पुढची दहा मिनिटं कुणाचंच ऐकणार नाही. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

त्या दहा मिनिटांत मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. जावयाला काय माहीत होतं? अकरा वर्षांची खुन्नस. त्याच्या हिशेबाने ताई भावावर चिडलेल्या असल्या की सगळं आलबेल, आणि मऊ बोलल्या की नक्कीच कुणी तरी मानेवर सुरी धरली आहे.

"ताई," मी म्हटलं, "भांडा."

"काय?"

"भांडा त्याच्याशी. जावई तुमचा तोच आवाज ओळखतो."

ताईंनी पायपट्टी दाबली. "नालायका, खाली उतर." चौदा टक्के. अभिनयाची शक्यता. वरून भाऊ म्हणाला, "तूच नालायक." असा म्हणाला की जणू पाया पडतोय. अकरा टक्के.

"येत नाही हो राग," ताई म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अकरा वर्षं उराशी धरून बसले मेल्याला, आणि आज हवा तर कुठे गेला कुणास ठाऊक. तिकडे ती म्हातारी पेन खाली ठेवून बसलीय आणि मला माझ्या भावाचा राग येत नाही!"

साडेबारा वाजून गेले होते. खिडकीतून विमान दिसत होतं, गरीब गायीसारखं गोल गोल फिरत. माझं डोकंच फिरलं. ताईंचा पाय पट्टीवर नव्हता, हे बघून मी म्हटलं, "बरोबरच लिहिलं होतं तुम्ही समितीला. विमानात माणूस लागतो कशाला? बघा ना, वर बसलाय पुतळ्यासारखा, काही उपयोग आहे का त्याचा?"

ताई गर्रकन वळल्या. "हवामान, तोंड सांभाळा!"

"मग लिहिलंत कशाला तसं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचंय. त्याला सांगा!"

ताईंनी पायपट्टीवर पाय आपटला. "धाकट्या! माझ्या खुर्चीत माणूस नको असं लिहिताना तुझा हात नाही रे झडला?" एकतीस टक्के.

 वरून तो म्हणाला, "आणि तुझा? तुझा कागद आधी वाचला होता!"

"आधी कुणाचा वाचला याचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? चारचौघांत माझी किंमत काढलीस तू!" सत्तेचाळीस.

"आणि तू? एकवीस वर्षं या काचेत डोळे फोडले मी!"

"म्हणूनच लिहिलं!" तो ओरडला. "आईकडे यायचीस आणि भिंतीकडे तोंड करून बसायचीस. हात कापायचे तुझे. साधा कप धरता येत नव्हता तुला! मी लिहिलं, या कामाला माणूस लावू नका, माझी बहीण मरेल यात. खाली चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मुडद्यांनी फक्त नाही तेवढं वाचलं!"

बासष्ट. साहेबांनी फाइल छातीशी धरली होती.

"माझे हात का कापायचे ते विचारलंस कधी?" ताई उभ्याच राहिल्या, पाय पट्टीवर, मुठी टेबलावर. "शेकड्यांनी पायलट उतरवले मी, धुक्यात उतरवले, वादळात उतरवले, नखसुद्धा हललं नाही माझं. तू वर असलास की कापायचे! तू उतरलास की मी बाथरूममध्ये जाऊन ओकायचे, विचार या हवामानाला. विमानात माणूस नको असं नव्हतं रे गाढवा, विमानात तू नको होतास! दुसरं कुणीही चाललं असतं!"

खरं आहे. बाथरूमच्या बाहेर पाण्याचा ग्लास घेऊन मीच उभा असायचो. मला वाटायचं पित्त असेल.

"मग तेव्हाच सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?" तो वरून.

"तू विचारलंस का?"

"तू सांगितलंस का?"

"मी मोठी आहे, मी का सांगू?"

"मोठी आहेस म्हणूनच तू सांगायचं!"

पडदा हिरवा झाला. जुळणी एक्याण्णव टक्के. आवाज नेहमीचा. खाली नेहमीचं वाक्य आलं. पण बघतो कोण? दोघं असे पेटले होते की शब्दाने शब्द वाढत चाललेला. बारा वाजून एकेचाळीस मिनिटं. मी ताईंचा पदर ओढला. "अहो वाचा! आधी वाचा, मग भांडा!"

ताईंनी त्याच झोकात वाचलं, "धावपट्टी दोन-सात, उतरण्यास परवानगी आहे, मेल्या!"

नियम म्हणतो, शब्दन् शब्द परत म्हणायचा. वरून त्याच रागात आलं, "धावपट्टी दोन-सात, उतरण्यास परवानगी आहे, मेल्या. समजलं." आणि त्याने ते तसंच्या तसं टाइपही केलं असणार, कारण पुढे साडूने हा शब्द परवानगीचा भाग धरला आणि सहा महिने आमच्या विमानतळावर प्रत्येक पायलटला मेल्या म्हटल्याशिवाय विमान खाली येत नव्हतं. पण ते जाऊ द्या.

विमान उतरलं. दार उघडलं आणि एकोणीस प्रवासी उतरले ते सगळे आमच्या काचेकडे बघत. भावाने गडबडीत प्रवाशांचा स्पीकर चालूच ठेवला होता. एका काकूंनी खालून हात हलवून ओरडून सांगितलं, "बाई, चूक त्याचीच आहे हो!" मागून एक गृहस्थ म्हणाले, "अजिबात नाही, दोघांची आहे!" त्यांचं तिथेच जुंपलं.

मी माझी गाडी काढली, दोघांना मागे बसवलं आणि निघालो. खिडकीबाहेर हात काढायला टॉवरमध्ये कुणी उरलं नाही. त्या दिवशी दुपारी आमच्या विमानतळावर कागदोपत्री हवामानच नव्हतं.

मला वाटलं, आता गळ्यात गळे पडतील, रडतील. कसलं काय! गाडीत बसल्यापासून जे सुरू झालं ते थांबेचना. अकरा वर्षांचं साठलेलं. टाकी तीन वर्षांपूर्वी वाहत होती तेव्हा तू मुद्दाम. मुद्दाम नाही, मी झोपलो होतो. माझ्या यजमानांचा पाय मोडला तेव्हा तू जिन्यात बघून न बघितल्यासारखं केलंस. मी आईकडे औषधं ठेवली होती, ती कुणी आणली असं वाटलं तुला? ती तू आणलीस? मग काय आकाशातून पडली? मी आरशातून बघत होतो. दोघांचे चेहरे लालभडक आणि ताईंनी त्याच्या शर्टाची बाही घट्ट मुठीत धरलेली.

दीडच्या आत आम्ही खोलीत. म्हातारी हिरव्या कपड्यात, कागद आणि पेन उशाशी. वहिनी दाराकडे डोळे लावून. दोघं आत शिरले तेच बोलत. नर्स धावत आली. "अहो हळू! हॉस्पिटल आहे हे! पेशंटसमोर भांडता काय?"

दोघं एकदम गप्प झाले. म्हातारीने डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आई!"

"थांबलात का?" म्हातारी म्हणाली, डोळे न उघडता. "बोला की. ऐकतेय मी."

तिने उठून सही केली. स्ट्रेचर निघालं, तसे दोघं दोन बाजूंनी चालायला लागले, म्हातारीच्या अंगावरून एकमेकांशी वाद घालत. आता भांडायला काही राहिलंही नव्हतं, ते मला कळत होतं. औषधांचं तेच तेच परत चाललं होतं. पण थांबायची हिंमत दोघांनाही होत नव्हती. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. दोघं दारासमोर उभे राहिले आणि आणखी मोठ्याने बोलायला लागले, आत ऐकू जावं म्हणून. नर्सने दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा तिने खुर्च्या आणून दिल्या.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. "झालं," म्हणाले. "छान झालं. म्हातारी चिवट आहे."

ताईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. भावाने प्रयत्न केला, त्याचाही नाही. दोघांचे घसे पार बसले होते. तिथे मीच काय ते डॉक्टरांचे आभार मानले, रडत रडत. हो, मी रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला, ताईही आल्या. पावणेबाराला ताईंनी माईकमध्ये जे काही घोगरं काढलं ते ऐकून जावई म्हणाला, अनोळखी प्राणी. जुळणी शून्य. तासभर घिरट्या घालून विमान शेजारच्या गावी गेलं. साहेबांनी डोकं धरलं. ताईंनी पर्स उचलली, माझ्याकडे बघून हाताने खूण केली, चला. मी विचारलं कुठे, तर कागदावर लिहून दिलं: तो बसने येईल.

बस तीन तासांनी यायची होती. ताई तेव्हापासून स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या.